वीतभर ज्योत

ज्योतीचं बूड नळीच्या तोंडाला टेकत नाही. दोघांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी रिकामी जागा असते आणि त्या जागेत डोळ्याला काहीच दिसत नाही. वायू तिथे असतो, पण तो अजून पेटलेला नसतो. त्याच्या वर निळा भाग सुरू होतो, मग फिकट जांभळा, आणि टोकाला नारिंगी. टोक जितकं पिवळट, तितकी काजळी जास्त. वारा आला की ही रिकामी जागा वाढते. फारच वाढली तर ज्योत तुटते, आणि मग नळीतून जे बाहेर येतं ते न जळताच छपराखाली पसरतं. त्याला रंग नसतो, वासही नसतो.

त्या दिवशी मी धाकट्या भट्टीसमोर स्टूल टाकून बसले होते आणि नळीतल्या वायूचे नमुने घेत होते. आमच्या घरच्या कारखान्यात गिअर आणि शाफ्ट कडक करून देतात. भट्टीत साधी हवा चालत नाही. तापलेल्या पोलादावर ती पापुद्रा चढवते आणि दातांची धार घालवते. म्हणून बंद भट्टीत मुद्दाम तयार केलेला वायू सोडायचा. त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन बराच असतो. तो सतत आत जातो, त्यामुळे सतत बाहेरही पडावा लागतो, आणि बाहेर पडताना त्याला नळीच्या तोंडाशी जाळून टाकायचं, म्हणजे कुणाच्या छातीत जायला नको. आमच्या सगळ्या कामाचं हे शेपूट. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाही.

कारखाना सासऱ्यांनी उभा केला. घर अंगणापलीकडे. भट्ट्या दोन, थोरली आणि धाकटी. आणि आम्ही सुनाही दोन. थोरल्या जाऊबाई धातुशास्त्राच्या इंजिनिअर, मी रसायनशास्त्र शिकलेली. "धाकटी आज कुरकुरतेय" असं फोरमनकाका ओरडले की मी मान वर करायची आणि सगळ्यांनी हसायचं. या विनोदाला बरीच वर्षं झाली, पण काकांचं मन अजून भरलेलं नाही.

जाऊबाईंनी धाकटीच्या नळीत एक झडप बसवली होती. भट्टीच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित जास्त असला की झालं. तेवढ्याने बाहेरची हवा आत शिरत नाही. दाब वाढला की झडप थोडी उघडायची, उतरला की मिटायची, आणि फारच उतरला तर भट्टीने स्वतःहून जास्तीचा वायू आत घ्यायचा, अशी सोयही तिला जोडलेली होती. म्हणजे भट्टीला लागेल तेवढाच वायू द्यायचा आणि जाळायलाही तेवढाच उरायचा. ऐकायला हे सोपं वाटतं. अडचण एका क्षणाची होती. तापलेला माल मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत येतो आणि तिथून खालच्या तेलात बुडतो. माल बाहेर आला की पुढच्या खोलीतला वायू फुगतो. माल तेलात गेला की तोच वायू एकदम आकसतो. त्या क्षणी आतला दाब बाहेरच्यापेक्षा खाली गेला, तर फटीतून हवा ओढली जाते, आणि हवा आणि हा वायू एकत्र आले की काय होतं ते सासऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. तरुणपणी थोरलीचं पुढचं दार त्यांच्यासमोर उखडलं होतं. ते वाचले, पण भुवया गेल्या, त्या पुढे विरळच उगवल्या.

त्यानंतर त्यांनी नियम घातला: नळीवरची ज्योत वीतभर हवी. लांबूनच पंजा पसरायचा, एक डोळा मिटायचा आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ज्योत मावते का बघायचं. कमी दिसली तर चावी उघडून वायू वाढवायचा. त्या नियमाने इतकी वर्षं एकही दार उखडलं नाही, हे मान्य करायलाच हवं. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. दाब डोळ्याला दिसत नाही, ज्योत दिसते. त्यांनी न दिसणाऱ्या गोष्टीला दिसणाऱ्या गोष्टीशी बांधून टाकलं, आणि गाठ इतकी पक्की मारली की कामाला लागलेला नवा माणूस आधी पंजा पसरायला शिकायचा आणि मग हजेरी लावायला.

"पण एका क्षणाच्या धास्तीपायी आपण दिवसभर वायू जाळतो," जाऊबाई म्हणायच्या.

त्या हे भांडून म्हणत नसत. त्यांचं बोलणं नेहमीच कमी. त्यांचं काम मात्र बघत राहावं असं. पहिली झडप काजळीने चिकटली. त्यांनी ती उतरवली, खरवडली, हातात घेऊन दिवसभर उघडझाप करत बसल्या, जेवतानासुद्धा ताटाशेजारी ती होतीच. दुसरी झडप फार चपळ निघाली. दाब जरा हलला की ती कडकड वाजायची, थंडीत दात वाजतात तशी. तिसरीला त्यांनी थोडं मंद केलं. मग लक्षात आलं की गोंधळ झडपेत नसून वरच्या धुराड्यात आहे. धुराड्याचा पंखा इतका ओढायचा की त्याची ओढ नळीतून थेट भट्टीपर्यंत पोचायची. त्यांनी धुराड्याचं तोंड नळीपासून वर उचललं आणि मधे हातभर जागा मोकळी सोडली. आता पंखा बाजूची हवा ओढू लागला, ज्योतीचा धूर तेवढा उचलू लागला आणि भट्टीच्या पोटातून काही खेचेनासा झाला. मी गणितात हे मांडून दाखवू शकले असते. पण कुठे जागा सोडायची हे सुचणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ते सुचलं त्यांना.

धाकटीवर हे जमलं की थोरलीवर बसवायचं, असं ठरलेलं होतं. खरं दुखणं थोरलीचंच. तिची नळी अंगणाच्या दाराकडे. दुपारी तिकडून वारा सुटला की तिची एवढी मोठी ज्योत आडवी व्हायची, तुटायची, आणि माझ्या हातातल्या, हवेतला कार्बन मोनॉक्साइड मोजणाऱ्या मीटरचा काटा वर सरकायचा. तिच्यासमोर दिवसभर उभे असत ते फोरमनकाका. दुपारनंतर त्यांचं डोकं धरायचं. विचारलं की म्हणायचे, चष्म्याचा नंबर बदललाय. नंबर तपासून आणा म्हटलं की हे पुढच्या आठवड्यावर ढकलायचे. जाऊबाईंना त्या डोकेदुखीचं कारण माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मला वाटतं काकांनाही माहीत होतं. दरवाजाला आडोसे लावून झाले, पंखे लावून झाले. तात्पुरता उपाय म्हणून वारा सुटला की काकांना जाऊबाई काही ना काही निमित्त काढून बाहेर पाठवायच्या. पण असं किती दिवस चालणार?

अडत होतं ते सासऱ्यांच्या एका शब्दावर. झडप बसवायची तर थोरली विझवायला लागणार होती, पूर्ण थंड करायला. आणि थोरली जुनी. तिच्या विटा तापलेल्या असताना एकमेकींना धरून आहेत. थंड होताना आकसल्या, तडकल्या, तर ती पुन्हा उभी राहील की नाही कुणी सांगू शकत नव्हतं. जाऊबाईंनीही कधी खोटा भरवसा दिला नाही. बहुतेक राहील, एवढंच म्हणाल्या. सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघू."

त्यांचं 'बघू' आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. त्यात नकार नसायचा आणि होकारही नसायचा. विषय निघाला की ते कपातला चहा संपवायचे, उठायचे, आणि दाराशी गेल्यावर पाठमोरे म्हणायचे. शेवटी एवढं कबूल केलं की धाकटीवर निम्म्या वायूत काम भागतं आणि माल तितकाच कडक निघतो हे दाखव, मग बोलू. नाही दाखवता आलं, तर ते झाकण काढून टाकायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही. फोरमनकाका त्या झडपेला पहिल्यापासून 'सूनबाईंचं झाकण' म्हणत. आता सासरेही म्हणू लागले होते.

आणि नेमकं तेच दाखवता येईना. माल उत्तम निघत होता. झडप बिनचूक चालत होती. पण वायू मात्र जवळजवळ पहिल्याइतकाच लागत होता. जाऊबाईंनी नळ्यांचा प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासला. कुठे बुडबुडा नाही. दाराच्या सगळ्या फटी बघितल्या. रोज संध्याकाळी त्या घरी येऊन गप्प बसायच्या. मोठे दीर, म्हणजे त्यांचे यजमान, त्यांना म्हणायचे की जाऊ दे, मनावर घेऊ नकोस. त्यावर त्या फक्त त्यांच्याकडे बघायच्या. मी त्यांना इतकं खचलेलं आधी पाहिलं नव्हतं.

म्हणून मी स्टूल टाकून बसले होते. मला झडपेतलं फारसं कळत नाही. मला वायूतलं कळतं. सकाळी कामाची पाळी सुरू झाली तेव्हा ज्योत बोटभर होती, टोक स्वच्छ निळं. नमुन्यात काही वावगं नव्हतं. चहाच्या सुट्टीत मी हात धुवायला गेले, परत आले, तर ज्योत चांगली वाढलेली. नमुना घेतला. वायूची घडण तीच होती, तिळमात्र फरक नाही. म्हणजे भट्टीच्या आत काही बिघडलेलं नव्हतं. कुणीतरी बाहेरून वायू वाढवला होता. दाब वाढला, म्हणून झडप आपलं काम करत इमानाने उघडली आणि जास्तीचा सगळा वायू तिने बाहेर सोडला.

दुपारी मी स्टूल तसंच ठेवलं आणि स्वतः खांबाआड उभी राहिले. मोठे दीर आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पंजा पसरला, एक डोळा मिटला, आणि चावी हलकेच फिरवली. अगदी थोडी. मग निघून गेले.

दिरांची चहाडी करणं मला जड गेलं, पण मी जाऊबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. म्हणाल्या, "चल, चहाला सगळे असतील."

कारखान्याच्या छोट्या ऑफिसात सासरे, दीर आणि फोरमनकाका बसले होते. जाऊबाईंनी स्वतःचा कप भरून घेतला आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "धाकटीची चावी कोण उघडतं?"

मी दिरांकडे बघायचं टाळलं. आणि बोलले ते फोरमनकाका.

"मी," ते म्हणाले. "पण एकदाच. सकाळच्या चहाच्या वेळी. ती उपाशी दिसते हो. बोटभर ज्योतीवर भट्टी चालते कुठे? मला धीर होत नाही."

"काका, तुम्ही पण?" दीर म्हणाले.

"पण म्हणजे?" जाऊबाई म्हणाल्या.

दिरांनी कप खाली ठेवला. "दुपारी मी थोडी उघडतो. अगं, काही झालं असतं तर सगळे तुझ्या नावाने बोलले असते. मी म्हटलं, जरा जास्त असलेली बरी."

"आणि मला म्हणत होतास, मनावर घेऊ नकोस."

दीर कानकोंडे झाले. फोरमनकाका हसू दाबायला गेले आणि त्यांना ठसका लागला. मग आमचं सगळ्यांचं लक्ष एकदमच सासऱ्यांकडे गेलं, कारण ते अजिबात हसत नव्हते. ते कपात बघत होते.

"मला वाटलं," ते म्हणाले, "मी एकटाच उघडतो."

तिघांनी दिवसातून एकेकदा आपापली चिमूटभर काळजी त्या चावीत घातली होती, आणि एकमेकांना पत्ता नव्हता. मला हसू आवरेना. मी जाऊबाईंकडे पाहिलं; वाटलं, आता मात्र या चिडतील. कुणीही चिडलं असतं. इतके दिवस त्या स्वतःचंच काम पुन्हा पुन्हा उसवत होत्या, आणि तेही घरच्याच माणसांच्या मायेपायी. दीर तर लगेच म्हणाले की चावीला कुलूप लावून टाक, किल्ली तुझ्याकडे ठेव. जाऊबाईंनी मान हलवली आणि चहा पिऊन झाल्यावर उठून गेल्या.

नंतर अंगणात माझ्याशी बोलल्या. "कुलूप लावलं तर हात थांबतील, पण धास्ती कुठे जाईल? इतकी वर्षं त्यांच्याकडे भट्टीचं पोट बघायला ती ज्योत होती. मी ती काढून घेतली. बदल्यात काय दिलं? पॅनेलच्या बंद पेटीतला एक आकडा. चूक त्यांची नाही गं."

हे त्या माझी समजूत घालायला म्हणत नव्हत्या. एखादा जोड गळतोय हे सापडल्यावर त्यांचा आवाज जसा लागायचा तसाच लागला होता. गळती माणसांत सापडली होती, तरी त्यांनी तिच्याकडे तितक्याच शांतपणे पाहिलं. मला त्यांच्याबद्दल नेहमीच आदर होता. त्या संध्याकाळी तो आणखी पक्का झाला.

दोन-तीन दिवसांनी त्यांनी माझ्याकडून काचेची एक नळी वाकवून घेतली, इंग्रजी यू अक्षरासारखी. तिच्यात लाल शाईचं पाणी भरलं. एक तोंड बारीक नळीने भट्टीच्या पुढच्या खोलीला जोडलं, दुसरं उघडं ठेवलं. मागे पांढरा पत्रा लावला आणि हे सगळं धाकटीच्या अंगावर नेमकं तिथे टांगलं, जिथे उभं राहून लोक पंजा पसरायचे. उंचीसुद्धा सासऱ्यांच्या डोळ्यांची घेतली. आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, म्हणून उघड्या बाजूचं पाणी अर्ध्या पेराएवढं वर उभं राहिलं. भट्टीला वायू कमी पडला, तर ते उतरणार. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत आलं, तर धोका. यापेक्षा जास्त काही समजावून सांगायला लागलं नाही.

फोरमनकाका बराच वेळ त्या काचेसमोर उभे राहिले. मग हळूच चावी किंचित उघडली. पाणी वर चढलं, झडप उघडली, पाणी पुन्हा जागेवर आलं. किंचित मिटली, पाणी उतरू लागलं, झडप मिटली, पाणी परत जागेवर. "च्यायला," ते पुटपुटले, आणि दोन सुना शेजारी उभ्या आहेत हे लक्षात येऊन खोकले.

माल तेलात जाण्याची वेळ आली तेव्हा सासरेही येऊन उभे राहिले. दीर आधीच आलेले होते. चावी सगळ्यांच्या हाताच्या अंतरावर होती. जाऊबाई मुद्दामच लांब, पॅनेलपाशी जाऊन उभ्या राहिल्या. हात बांधून. जे काय होईल ते आता या तिघांनी बघायचं होतं.

आतलं दार वर गेल्याचा आवाज आला. तापलेला माल पुढच्या खोलीत आला असणार, कारण वायू फुगला आणि नळीवरची ज्योत सरसर वाढून वितीपेक्षाही मोठी झाली. काचेतलं पाणी जरासं थरथरलं आणि उभं राहिलं. मग माल तेलात उतरला. पायाखाली तो घरघरणारा आवाज आला. ज्योत खाली बसू लागली. बोटभर झाली. पेराएवढी झाली. मग नळीच्या तोंडाशी वायू पेटवायला शेजारी कायम जळती ठेवलेली बारीक वात तेवढी उरली, आणि नळीवर ज्योत अशी काही दिसेना.

फोरमनकाकांचा हात पुढे गेला. सासऱ्यांनी तो मनगटाला धरला. त्यांची नजर काचेवरून हलली नव्हती. लाल पाणी थोडं उतरलं, तेवढ्यात भट्टीने स्वतःहून वायूचा जास्तीचा झोत आत घेतल्याचा हलका फुस्स आवाज झाला, आणि पाणी थांबलं. दोन्ही बाजू एका पातळीत येण्याच्या बऱ्याच आधी थांबलं. मग सावकाश, कुणाचीच घाई नसल्यासारखं, पुन्हा अर्ध्या पेरावर चढलं. नळीच्या तोंडाशी निळा ठिपका दिसला.

सासऱ्यांनी काकांचं मनगट सोडलं. त्यांनी विरळ भुवयांवरचा घाम पुसला. मग भट्टीला वळसा घालून ते वर पाहत उभे राहिले, जिथे जाऊबाईंनी नळी आणि धुराडं यांच्यामध्ये जागा सोडली होती तिथे, आणि पंखा धुराची ती बारीक दोरी कशी अलगद उचलतोय ते बघत राहिले. माझं मीटर हातात होतं. काटा तळाला होता. मी ते त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी काटा पाहिला, मान हलवली.

मग ते थोरलीसमोर गेले. वारा सुटायची वेळ होत आली होती. तिची ज्योत अंगणाच्या दाराकडे कलायला लागली होती. त्यांनी तिच्या पुढच्या दारावरून हात फिरवला, जरा दुरूनच, कारण पत्रा तापलेला होता. आम्ही सगळे मागे उभे होतो. आता ते दाराकडे वळतील आणि पाठमोरे 'बघू' म्हणतील असं मला वाटलं. दिरांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते बाजूला सरकून वाट देऊ लागले.

सासरे वळले ते आमच्याकडे तोंड करून.

"विटा तडकल्या तर?" त्यांनी जाऊबाईंना विचारलं.

"तडकलेल्या बदलू," त्या म्हणाल्या. "सगळ्याच तडकल्या, तर नव्याने बांधू. मी आहे, ही आहे. आणि तुम्ही आहातच की बाबा, सांगायला."

सासरे फोरमनकाकांकडे पाहून म्हणाले, "तुमचा चष्मा काही बदलायचा नाहीये. मला कळत नाही असं समजू नका." काकांनी मान खाली घातली.

"आतला माल निघाला की नवा भरू नका," सासरे म्हणाले. "थोरली विझवा."